मॅच असली की मी आत

आमच्या घरात क्रिकेटच्या मॅचला ज्याची त्याची जागा ठरलेली होती. मामा, म्हणजे माझे सासरे, लोखंडी कॉटवर भिंतीला टेकून, उजवा पाय डाव्या पायावर. आपली बॅटिंग चालू असेपर्यंत तो पाय हलायचा नाही, मग मुंग्या येवोत नाहीतर विंचू येवो. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कॉटच्या पायथ्याशी वाती वळत. आमचे हे उंबऱ्यावर. शेजारचे चाचा, स्टेशनरोडला त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं, ते आमची एकुलती एक खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून बसायचे. आणि माझी जागा स्वयंपाकघरात, टीव्ही दिसणार नाही अशा कोपऱ्यात.

कामाचा पसारा होता म्हणून मी तिथं बसायचे असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. मी टीव्हीकडं बघितलं की आपली विकेट पडते, असा आमच्या घरचा कायदा होता. सोळा वर्षं चालला. हसू नका. म्हणजे हसा, मीही सांगताना हसतेच, पण पुढचं ऐकून घ्या.

माझं माहेर केदारखेडा. वडिलांना शेतीखालोखाल वेड कशाचं असेल तर क्रिकेटचं. कपाशीत खुरपणी चालू असली तरी बांधावरच्या बाभळीला ट्रान्झिस्टर टांगलेला. हिंदी कॉमेंट्री असेपर्यंत त्यांचं ठीक चालायचं. इंग्रजी लागली की हाक यायची, "ये गं इकडं, काय म्हणून राह्यलाय त्यो बघ!" मला तरी कुठं इंग्रजी येत होतं? पण आकडे समजायचे, 'आउट' समजायचं, आणि बोलणाऱ्याचा आवाज चढला की उतरला यावरून बाकीचं मी दडपून सांगायचे. आपण पहिल्यांदा वर्ल्डकप जिंकला तेव्हा वडिलांनी अख्ख्या आळीत साखर वाटली आणि मला म्हणाले, "तुझ्या इंग्रजीनं जिंकलो!" त्यांच्या लेखी मी शुभशकुनी होते, एवढं लक्षात ठेवा.

लग्नाचं ठरत होतं तेव्हा आईनं विचारलं, मुलगा काय करतो, घर कुणाचं, माणसं किती. मी भावाला बाजूला घेऊन एकच विचारलं, "त्यांच्याकडं टीव्ही हाय का?" आहे म्हणाला. नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला घर, सासरे बियाण्यांच्या एका कंपनीत गोडाऊन सांभाळतात आणि घरात ब्लॅक-अँड-व्हाईट टीव्ही आहे. मी लगेच होकार दिला. सगळ्यांना वाटलं, पोरीला मुलगा पसंत पडला. मुलगा मी नीट बघितला तो लग्नात.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि त्याच वर्षी, सत्त्याऐंशीला, वर्ल्डकप आपल्याच देशात आला. नशीब बघा, ऐन वर्ल्डकपात मी पहिल्या दिवाळसणाला माहेरी. तिथं पुन्हा तेच, बाभळ आणि ट्रान्झिस्टर. सेमीफायनलच्या दिवशी मला राहवेना. आई म्हणत होती, दोन दिवस थांब, चांगला वार बघून जा. मी ऐकते कसली! सासूबाईंना बरं नसल्याचं काहीतरी थापलं आणि भावाला घेऊन सकाळची एस.टी. पकडली. जालन्याला पोचेस्तोवर दुपार टळली. घराबाहेर चपलांचा ढीग, आतून आरडाओरडा. अर्धी गल्ली आमच्या बैठकीत जमलेली.

नवी सून. पुरुषांत जाऊन टीव्हीसमोर बसायची सोय नाही. मग मी डोकं चालवलं. कुणी न सांगता चहा टाकला, पदर सावरला आणि ट्रे घेऊन बाहेर आले. चहा देऊन लगेच वळायचं ते वळले नाही. ट्रे हातात धरून तशीच टीव्हीकडं बघत उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा चालू मॅच डोळ्यांनी बघत होते हो! आपला कप्तान खेळत होता, जिंकायच्या बेतात होतो. त्यानं बॅट फिरवली, चेंडू उंच गेला आणि सीमेजवळच्या गोऱ्यानं अलगद झेलला.

"गेला!" कुणीतरी म्हणालं.  मागोमाग आत्याबाईंचा आवाज आला, "ही आली आन् त्यो गेला." सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी ट्रे घेऊन आत पळाले. पण पुढच्या अर्ध्या तासात राहिलेले सगळे गडी पटापटा गेले आणि आपण हरलो. संध्याकाळी आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "चांगली चाललेली मॅच. पांढऱ्या पायाची निघाली बाई आमची सून." दुसऱ्या मॅचच्या वेळी मामा अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "सूनबाई, तू जरा आत बस. मॅच होईस्तोवर." तो 'जरा' सोळा वर्षं टिकला.

आता तुम्ही म्हणाल, सासरा खाष्ट असेल. बिलकुल नाही! हीच तर गंमत आहे. माझ्या वडिलांनी दहावीनंतर माझं शिक्षण थांबवलं होतं. मामांनी लग्नानंतर मला बाहेरून बारावी करायला लावली आणि मग डी.एड.ला घातलं. कॉलेज लांब, रिक्षा रोज परवडायची नाही, तर हा माणूस गोडाऊनला जायच्या आधी मला सायकलवर डबलसीट सोडायचा. सासरा सुनेला डबलसीट घेऊन चाललाय, आमच्याकडं हे कुणी कधी बघितलं होतं? लोक दारात येऊन बघायचे. आत्याबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मामा म्हणाले, "लोकांचं काय ऐकती? लोक दोन्हीकडून बोलत्यात." राजूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी रजा काढून एस.टी.त माझ्यासोबत आले, गणपतीचं दर्शन करवलं, हेडमास्तरांना हात जोडून म्हणाले, "आमची सून गणितात हुशार हाय. तिला गणित द्या."

असा माणूस. लोकांना भ्यायचा नाही, देवाधर्माचंही त्याचं बेतानंच. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच म्हणायचा, सांभाळून जा बाबा. पण मॅच लागली की याचं काय व्हायचं कळत नाही. त्यावर मी रागवायचे कशी? जो माणूस सायकल हाणत तुम्हाला शिकायला नेतो, त्यानं दोन-चार तास आत बस म्हटलं तर बसावं, असं मी मनाला समजावलं. नवऱ्याला एकदा म्हणून बघितलं. हे वडिलांना दादा म्हणतात, म्हणाले, "दादांचा जीव आहे त्यात, जाऊ दे ना." ह्यांचं सगळं आयुष्य 'जाऊ दे ना'त गेलंय.

मग मी आतून मॅच ऐकायला शिकले. ट्रान्झिस्टरवर शिकलेली, मला काय अवघड! कॉट करकरली की अपील. चाचांची खुर्ची फरशीवर आपटली की चौकार. आत्याबाई "अगं बाई" म्हणाल्या की विकेट, मात्र कुणाची ते त्यांनाही माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत पेपर आला की पहिलं पान पुरुष शिक्षक घ्यायचे आणि शेवटचं मी. रात्रीच्या बातम्यांत मॅचची दोन मिनिटं दाखवायचे, तेवढी मला बघायची परवानगी होती. होऊन गेलेल्या मॅचचं मी काय वाकडं करणार!

ऑस्ट्रेलियातला वर्ल्डकप आला तेव्हा मॅच पहाटे लागायच्या. आमचं घर लहान, स्वयंपाकघराच्या फटीतून टीव्हीचा उजेड दिसायचा, म्हणून आत्याबाई मला सडा-रांगोळीला अंगणात पिटाळायच्या. मी तरी काय करणार? रांगोळी काढत बसायचे. मॅच लांबली की रांगोळी लांबायची. दारापासून नालीपर्यंत जायची. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, लग्न काढलं का घरात?" चाचा एकदा घरात जाता जाता रांगोळी ओलांडताना थांबले आणि आत ओरडून म्हणाले, "भाईसाब, बहू को अंदर लो, नहीं तो रंगोली स्टेशन तक जाती!" सगळे हसले. मीही हसले. मामा पण हसले, पण आत काही बोलावलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पुढचं नाही.

शहाण्णवला पुन्हा वर्ल्डकप आपल्याकडं आला. सेमीफायनलच्या दिवशी शाळेची तपासणी आटोपायला उशीर झाला आणि मी राजूरलाच एका शिक्षिकेच्या घरी मुक्कामाला राहिले. तिच्याकडं रंगीत टीव्ही. तिला क्रिकेटचं काही नाही, ती भाकऱ्या थापत होती. मी एकटी समोर. उठून जावं की बसावं, किती वेळ नुसती उभीच होते. मग म्हटलं, इथं कोण बघतंय? बसले. आपले अठ्ठ्याण्णव झाले होते, एकच गडी बाद. सगळ्या देशाचा लाडका पोरगा खेळत होता. मी बसले आणि तो पुढं सरसावून चुकला, स्टंप झाला. मग एकेक, एकेक. बावीस रनात सात गडी गेले. मी टीव्ही बंद केला, माझ्या हातानं. मैत्रीण म्हणाली, "अगं, घाम का आलाय तुला?"

दुसऱ्या दिवशी घरी आले तर मामा आजारी माणसासारखे कॉटवर. त्यांनी एकच विचारलं, "तू न्हाई ना बघितली?" मी म्हणाले, "न्हाई." त्या माणसाशी बोललेलं माझं हे एकच खोटं. त्यांनी मान हलवली, "मंग आपलं नशीबच फुटकं." माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मला चोरी केल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मलाच पटलं. खरं सांगते. पोरांना संभाव्यता शिकवायचे, नाणं दहादा उडवून फळ्यावर छापा-काटा मांडायचे, आणि घरी जाताना बसस्टँडजवळच्या टीव्हीच्या दुकानात मॅच लागलेली असली की मान फिरवून चालायचे. दुकानाबाहेर जमलेल्या गर्दीनं "च्च" केलं की वाटायचं, नजर गेली वाटतं आपली. सोबतच्या बाया विचारायच्या, मान आखडली का. काय सांगणार?

दोन वर्षांनी शारजात मॅच होत्या. वाळूचं वादळ आलं होतं ती, आणि त्यानंतरची फायनल. फायनलला मी आपणहून गच्चीवर जाऊन बसले, कुणी सांगितलं नव्हतं. आपण जिंकलो. गल्लीत फटाके. मामा धापा टाकत जिना चढून वर आले, हातात पेढ्यांचा पुडा. देवापुढं ठेवायच्या आधी पहिला पेढा त्यांनी मला दिला. म्हणाले, "सूनबाई, तुझ्यामुळं जिंकलो बरं का. तू वर बसलीस म्हणून." त्यांच्या डोळ्यांत पाणी. मनापासून कौतुक करत होता हो तो माणूस! मी पेढा तोंडात घातला.  मामा खाली गेल्यावर किती वेळ तो तोंडातच धरून बसले होते.

आमची लेक या सगळ्यात आजोबांच्या मांडीवर वाढली. तिला मांडीवर बसायची मुभा होती. ती बसली की चांगलं होतं असं मामांचं म्हणणं. मामा रिटायर झाल्यावर तर दोघांना दुसरा उद्योगच नव्हता. संत्र्यावर बोटं कशी ठेवली म्हणजे चेंडू कुठं वळतो हे ते तिला दाखवायचे, आणि मग तेच संत्रं दोघं खायचे. ती गल्लीत पोरांबरोबर खेळायची, लेगस्पिन टाकायची, पोरांना भोपळ्यावर काढायची. मॅच संपली की आजोबा परीक्षा घ्यायचे, "सांग, कुठं चुकलं?" आणि ती हातवारे करून सांगायची. मी आतून ऐकायचे. वाटायचं, चला, आपलं राहिलं ते हिला मिळतंय. दर वेळी पोळी तव्यावर टाकताना मी देवाला एवढंच म्हणायचे, माझं हिच्यात येऊ देऊ नको.

दोन हजार तीनचा वर्ल्डकप. आपण फायनलला. लेक बारा वर्षांची. रविवार होता, कडक ऊन, आणि नेमका नगरपालिकेचा नळ त्या दुपारी आला. जालन्यात नळ आला की लग्नघर होतं, पुन्हा कधी येईल देव जाणे. मी हंडे, पातेली, पिपं भरत होते. बाहेर टीव्ही लागला होता. चाचा आले, त्यांची खुर्ची उलटी झाली, कॉट करकरली. ऑस्ट्रेलियाची बॅटिंग होती आणि धुलाई चालली होती, ते मला आवाज न होण्यावरूनच कळत होतं.

मधेच लेकीच्या बांगड्यांचा आवाज बैठकीत गेला. तेवढ्यात सगळे "अरे अरे" ओरडले. षटकार. ती पाणी प्यायला आत येऊन परत गेली. पुन्हा षटकार. तिसऱ्यांदा काय झालं मला कळलं नाही, पण आत्याबाईंचा आवाज स्पष्ट आला, "ही येती तव्हाच जातोय बघा. आईवरच गेली पोरगी. पांढऱ्या पायाची."

 मग मामा म्हणाले, अगदी तोच हळू आवाज, "बाळा, तू जरा आत बस आईपाशी."

लेक आत आली. रडली नाही, भांडली नाही. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी पोर, ती माझ्या शेजारी, दाराकडं पाठ करून बसली आणि परातीतला लसूण सोलायला लागली. जशी मी बसायचे तशी. दोन पाकळ्या सोलून तिनं विचारलं, "आई, माझ्यामुळं सिक्स गेला का गं?"

माझ्या तोंडून 'नाही' लगेच निघालं नाही. निघायला पाहिजे होतं. मी क्षणभर खरंच विचार केला, की काय माहीत, गेलाही असेल. त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते. मीच माझ्या पोरीला त्या कोपऱ्यात बसवायला निघाले होते! मग असा संताप आला म्हणता, की परात लाथेनं बाजूला सारली, तिचा हात धरला आणि बाहेर आले. नळ वाहत होता तो तसाच वाहत राहिला.

बैठकीत जाऊन टीव्हीच्या अगदी समोर, फरशीवर, मांडी घालून बसले. लेकीला शेजारी बसवलं. मामांचा पाय पायावरून खाली आला. "सूनबाई?"

"मामा, आज आम्ही दोघी इथं बसणार," मी म्हणाले.  "हरलो तर मी हरवलं म्हणा. सोळा वर्षं म्हणून राह्यलेत, आणखी एकदा म्हणा. पण माझ्या लेकीला हे चिकटवायचं न्हाई. सांगून ठेवते."

आत्याबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. हे म्हणाले, "अगं, जाऊ दे ना..." मी त्यांच्याकडं असं बघितलं की वाक्य तिथंच संपलं. चाचांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "बैठो बेटी, बराबर बैठो."

त्यांचे तीनशे एकोणसाठ झाले. कुणी जेवलं नाही. आपली बॅटिंग सुरू झाली आणि पहिल्याच ओव्हरमध्ये आपला सगळ्यांत मोठा गडी गेला. मी बघत असताना, डोळ्यांदेखत.  सगळ्यांची नजर माझ्या पाठीवर होती. लेकीनं उठायचा प्रयत्न केला, मी तिचं मनगट सोडलं नाही.

मग दुसरा सलामीचा गडी मारायला लागला. असा मारायला लागला की चाचांची खुर्ची फरशीवर आपटायला लागली. दोन गडी आणखी गेले तरी तो मारतच होता, आणि तेवढ्यात तिकडं पाऊस आला. खेळाडू आत पळाले. चाचा उठून उभेच राहिले, "भाईसाब, पाऊस रुका नहीं तो मॅच उद्या पुन्हा! नव्यानं!" हे म्हणाले, खरंय, पंचवीस ओव्हर झाल्या नाहीत तर पुन्हा खेळवतात. एका क्षणात सगळ्यांचे चेहरे बदलले. मामांनी माझ्याकडं बघितलं.  त्या बघण्यात काय होतं ते मला सोळा वर्षांच्या सवयीनं कळलं. मी उठले तर पाऊस थांबणार नाही, असं ते बघणं होतं.

आणि सांगते काय, मी उठायलाच निघाले. गुडघ्यावर हात ठेवला सुद्धा. मघाचा सगळा संताप कुठं गेला कोण जाणे. मामांचं ते तोंड बघवेना, आणि मलाही जिंकायचं होतं. जाऊन बसावं गच्चीवर, काय बिघडतंय? लेकीनं माझ्याकडं बघितलं. "आई, कुठं?" म्हणाली. बस्, एवढंच. मी हात खाली घेतला आणि बसून राहिले. थोड्या वेळानं पाऊस थांबला. मॅच पुढं चालू झाली आणि आपण एकशे पंचवीस रननी हरलो.

ह्यांनी टीव्ही बंद केला. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं.  मी वाट बघत होते, कोण आधी बोलतंय. मामा काळ्या पडद्याकडं बघत बसले होते. मग सवयीनंच असेल, त्यांनी नातीला विचारलं, "सांग बाळा, कुठं चुकलं?"

लेकीनं एकदा माझ्याकडं, एकदा आजीकडं बघितलं. मग सुरू झाली, "आबा, टॉस जिंकून त्यांनाच बॅटिंग दिली, तिथं चुकलं. आन् पहिल्याच ओव्हरीत पंधरा दिले. वाइड काय, नोबॉल काय. बॉलर घाबरल्ता. तिथंच मॅच गेली." वर म्हणाली, "तव्हा मी इथं नव्हतेच. नळ आल्ता, मी न्हाणीत आंघोळ करून राह्यल्ते."

चाचा एकदम मोठ्यानं हसले. हे पण हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आन् आधीच्या, सूनबाई? त्या कशानं गेल्या?"

चिडून विचारलं नव्हतं. खरंच विचारत होते. आणि त्या वेळी, पहिल्यांदा, मला ते सुचलं. गणित शिकवणारी बाई मी, सोळा वर्षं सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, मी आत बसलेली असताना आपण किती मॅच हरलो?"

मामांना मॅच पाठ असायच्या, पोथी पाठ असावी तशा. ते बोटांवर मोजायला लागले. ओठ हलत होते. ऑस्ट्रेलियातल्या पहाटेच्या, शारजातल्या, शेवटच्या ओव्हरीत गेलेल्या, श्रीलंकेतल्या. एक हात झाला. दुसरा झाला. पुन्हा पहिल्यावर आले. मग मधेच थांबले, उघडा पंजा तसाच गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "लई झाल्या गं."

 मामा कॉटवर सरकले, भिंतीकडची जागा मोकळी केली. "चुकलं माझं, पोरी," म्हणाले. मला ते कधी पोरी म्हणाले नव्हते. मी उठून आत गेले नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, फरशीवर बसल्या जागी मोठमोठ्यानं रडले.